बिजागरीतलं तिखट

सुवॉन, ३ मार्च

प्रिय आत्या,

कमरेतून वाकून नमस्कार. तुमच्या डोंगरात थंडी अजून हटली नसेल, गुडघे सांभाळ.

सोबतच्या खोक्यात एक फोन आहे. नाव ‘फुलपाखरू’. मिटला की डबीएवढा, उघडला की ताटलीएवढा. आमच्या विभागाने तो खास साठीच्या पुढच्या माणसांसाठी केलाय. अजून बाजारात आलेला नाही, म्हणून बाहेरच्या कुणाच्या हाती देता येत नाही. विभागातल्या आम्ही बाराजणांनी आपापल्या घरच्या एकेका वडीलधाऱ्या माणसाला तो वापरायला द्यायचा आणि त्या माणसाने स्वतःच्या हाताने अभिप्राय लिहून पाठवायचा, असं आमच्या मेंग साहेबांनी ठरवलंय. आई-बाबा राहिले नाहीत, तेव्हा माझ्या वाट्याचं वडीलधारं माणूस तूच.

आता आडपडदा न ठेवता सांगतो. बारांपैकी नऊजणांनी तरी ‘आता हा हातातून सोडवत नाही’ असं लिहिलं, तर फोन शरदातल्या चुसॉकच्या सणाला दुकानात जाईल. नाही लिहिलं तर विभाग बंद. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. या वयाच्या माणसाला आमच्याकडे काढून टाकत नाहीत. त्याला थोडे पैसे घालून जाड कागदाचा लिफाफा देतात आणि तो आपण होऊन गेला असं सगळ्यांना कळवतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला गेल्या वर्षी असा लिफाफा मिळाला. वीस वर्षं त्याने फोनचे पडदे जुळवले, आता कोंबडी तळून विकतो. माझी पोरगी यंदा बारावीला आहे. मला कोंबडी तळता येत नाही.

याबद्दल फोनवर काही बोलू नकोस. चाचणीच्या फोनवरचं सगळं ऑफिसात नोंदलं जातं. कागदावरच लिही, आणि जरा प्रेमाने लिही.

तुझा,
तेसोक


योंगयांग, १९ मार्च

तेसोक,

फोन पोचला. आठ वर्षांत तू मला नाशपातीची एक पेटी पाठवली नाहीस, त्यामुळे खोकं बघितल्याबरोबर तुझं काहीतरी अडलंय हे मी ओळखलं. ताकाला आलास आणि भांडं लपवलं नाहीस, एवढं मात्र बरं केलंस.

कागदावर लिहायचं तेही बेस. फोनची निंदा फोनवरून करायची म्हणजे सासूच्याच खोलीत बसून सासूला नावं ठेवायची.

आता ऐक. मला पहिल्याच दिवशी एक कळेना. सरळ फोन खिशात चांगला मावत होता. तुम्हीच तो दर वर्षी वाढवत नेलात, मग तो मावेना, मग तुम्ही तो दुमडलात. आधी रोग दिलात, आता औषध विकताय. आणि औषधाची किंमत, दुकानदाराच्या पोराला विचारली मी अंदाजाने, माझ्या गिरणीच्या नव्या मोटरपेक्षा जास्त. मोटर दिवसाला दोनशे किलो मिरची कांडते. तुझा फोन काय कांडतो?

मधे घडी आहे. सोबतच्या पुस्तकात लिहिलंय की वापरता वापरता ती दिसेनाशी होते. दिसते. तुझ्या पोरीचा फोटो लावला तर घडी बरोबर तिच्या नाकावरून जाते आणि लेकरू कुस्ती हरून आल्यासारखं दिसतं. काच म्हणतोस ती काच नाही, मऊ आहे, माझं नख उमटलं. एका हातात पाखडायचं सूप असलं की उरलेल्या हाताने तो उघडत नाही. आधी सूप खाली ठेवा, हात पुसा, दोन्ही हातांनी उघडा, तोवर पलीकडचा कंटाळून गेलेला. असून अडचण, नसून खोळंबा.

गुणही सांगते, मी काही वैरीण नाही. अक्षरं मोठी दिसतात. मिटलेला असला की झाकली मूठ वाटते, बायका विचारतात काय आहे म्हणून.

आणि हे शेवटचं थट्टेत घेऊ नकोस. मी दिवसभर मिरची कांडते आणि तिळाचं तेल काढते. दहाव्या दिवसापासून तुझ्या फुलपाखराच्या बिजागरीतून कर्र असा आवाज यायला लागला. उलटा धरून झटकला तर चिमूटभर तिखट खाली पडलं. बाकीचं आत तेलाने चिकटून बसलेलं. पंधराव्या दिवशी तो अर्ध्यातच अडकला. दाभणाने उकरला तेव्हा कुठे मिटला. हे तुझ्या साहेबाला नीट सांग.

जेवत जा. आवाजावरून तू जेवत नाहीस असं वाटतं.

आत्या


सुवॉन, २७ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग दार लावून पुन्हा वाचलं.

घडीचं मान्य. पण आत्या, आमच्या मशीनने तो फोन दोन लाख वेळा मिटला आणि उघडला आहे. दिवसातून शंभर वेळा उघडलास तरी पाच वर्षं पुरेल. लोकांना मोठा पडदा हवा आहे आणि खिसा तेवढाच आहे, यात आमचा काय दोष? उद्या सगळेच फोन दुमडणार. सरळ फोन बाळगणारा माणूस तेव्हा पाटीवर लिहिणाऱ्यासारखा दिसेल, असं मेंग साहेब म्हणतात. मला ते पटतं. पटवून घ्यावं लागतं.

बाकीच्या अकरा जणांच्या घरून आलेली पत्रं मी पाहिली. काय सांगू, एकापेक्षा एक. आमच्या गिल बाईंच्या सासूबाई मोकपोहून लिहितात की फोन उघडला की मन उघडतं. नामगुंगचे वडील नूडल्सचं दुकान चालवतात, ते म्हणतात की आता मेलो तरी हरकत नाही. आणि या सगळ्यात तुझं एकटीचं पत्र, दाभणासकट.

पत्रं आम्ही आपापली स्वच्छ उतरवून देतो, कारण म्हाताऱ्यांचं अक्षर साहेबांना लागत नाही. एक प्रत साहेबांना जाते, दुसरी तपासणी विभागातल्या प्यो हारिनला. ही बाई अडतीस वर्षांची, फारशी कुणाशी बोलत नाही, दिवसभर बिजागऱ्यांत वाळू घालून बघते. लोकांच्या हातात फोन गेल्यावर त्याचं काय होतं, हे तिला या पत्रांतूनच कळणार आणि त्यावरून ती शेवटची सही करणार.

तर मी काय म्हणतो, तिखटाचं तेवढं मी गाळलंय. रागावू नकोस. गिरणीत राहणारी माणसं देशात किती असणार? तुझं उदाहरण अगदीच वेगळं आहे, आणि त्या एका ओळीने प्योला तीन महिन्यांची नवी चाचणी मांडावी लागेल. तेवढ्यात चुसॉक उलटून जाईल आणि त्याच्याबरोबर मीही. यापुढे तूही तिखटाचा विषय काढू नकोस, एवढी कृपा कर.

तुझा,
तेसोक


योंगयांग, १० मे

तेसोक,

परवा मातृपितृदिनाला तू आलास, कार्नेशनचं फूल लावलंस, बरं वाटलं. पण तू आलास कशाला आणि केलंस काय? भात वाढेपर्यंत बसल्या बसल्या झोपलास. तोंड उघडं टाकून. कोटाच्या खिशातून पोटाच्या गोळ्यांची पाकिटं घरंगळली, मी मोजली नाहीत पण बरीच होती. तुझा बाप असाच बसल्या बसल्या झोपायचा, खाणीतून आल्यावर. तू तर खुर्चीतून आला होतास.

तू विचारलंस म्हणून तुझ्या फोनची हकिकत लिहिते. गावाच्या समाजघरात रोज दुपारी मी आणि आणखी आठजणी बसतो. मी फोन उघडून ठेवला की त्यावर फुलांचे पत्ते खेळता येतात, चित्रं एवढी मोठी दिसतात की आमच्यातल्या उल्जिनवालीला चष्मा लागत नाही. पण त्यांना खरी गोडी कशाची आहे सांगू? मिटायची. मधे उल्जिनवालीची सून तिला माझ्या या फोनवर सुनावत होती. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि खाटकन फोन मिटला. असा आवाज झाला की आम्ही सगळ्यांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सरळ फोनवर माणसाला नुसतं बोट लावून घालवावं लागतं, त्यात काही राम नाही. तर तुझा फोन खपेल, बाळा. मोठ्या पडद्यासाठी नाही, आपटून मिटायच्या सुखासाठी. हे तुझ्या साहेबाच्या डोक्यात येणार नाही, कारण त्याला कुणी सुनावत नसेल.

आता तुला नको असलेला विषय. गिरणीत राहणारी माणसं किती असं तू विचारतोस. अरे शहाण्या, नोव्हेंबरात वर्षाची किमची घालायला बसलं की या देशातलं प्रत्येक घर गिरणी होतं. पन्नास-पन्नास कोबी, परातभर तिखट, माशाचा खार, कोपरापर्यंत लाल हात, आणि नेमका तेव्हाच पोरांचा फोन येतो, आई, माझा डबा ठेव. तुझी आई किमची घालताना तू कुठे असायचास? परातीशेजारीच बसून कच्चा कोबी खायचास. दोन लाख वेळा मिटलात म्हणता, एकदा तरी तिखटात मिटलात का?

हे मी तुला सांगितलं. आता मी काय केलं ते सांगते. तू गेल्यावर दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे ते उघडं तोंड आणि त्या गोळ्या होत्या. आज मी एक वेगळा कागद लिहिला, तो सोबत ठेवलाय. ‘हा फोन आता हातातून सोडवत नाही’ असं त्यात दोनदा आहे. तिखटाचं नाव नाही. तुला उतरवून काढायला नको, तसाच साहेबाला दे. मजकूर खोटा आहे, अक्षर मात्र चांगलं काढलंय.

आत्या


सुवॉन, २ जुलै

प्रिय आत्या,

झालं. बारांपैकी बारा.

तुझा कागद मेंग साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. म्हणाले, बाकीच्यांनी कौतुक केलंय पण या बाईंच्या लिहिण्यात वजन आहे. प्यो हारिनने बाराही पत्रं दोनदा वाचली. मला येऊन विचारलं, यांच्या फोनात धूळबिळ काही गेली नाही का, गिरणी आहे ना त्यांची? मी म्हटलं, आत्या फार टापटिपीची आहे. तिने सही केली.

जाहिरात तयार झालीये, तुला आवडेल. एक आई ओट्यापाशी उभी आहे, दोन्ही हात कामात. फोन अर्धा दुमडून ओट्यावर उभा ठेवलाय, फणेरपेटीच्या आरशासारखा, आणि त्यात मुलगा दिसतोय. खाली लिहिलंय, ‘हात कामात, मूल समोर.’ ही कल्पना माझी. मला विभागाचा उपप्रमुख केलंय. बायकोने शेजाऱ्यांना तांदळाचा केक वाटला. गोळ्या निम्म्यावर आल्यात.

तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
तेसोक


योंगयांग, ८ ऑक्टोबर

उपप्रमुख साहेब,

उपकार फेडू नकोस, इथे येऊन बघ काय करून ठेवलंस.

चुसॉकला आठही जणींची पोरं गावी आली आणि आठही जणींना तुझं फुलपाखरू देऊन गेली. कुणाचा मुलगा किती चांगला हे आता फोनच्या रंगावरून ठरतं. सोनेरी सगळ्यात महाग. जिच्या पोराने साधा काळा आणला ती चार दिवस समाजघरात आलीच नाही, पडसं झालंय असा निरोप दिला. जिला सोनेरी मिळाला ती तो रुमालात बांधून कमरेला लावते आणि कुणी विचारेपर्यंत सोडत नाही. न विचारल्यास आपणच खोकते.

वापरतात म्हणशील तर दोघी. बाकीच्या जुन्या फोनवर बोलतात आणि नवा समोर ठेवतात. पण पोरांना कुठे तो वापरायला द्यायचा होता? वर्षातून दोनदा येणाऱ्या मुलाला आईला काहीतरी महागाचं द्यावं लागतं, आणि कोरियन जिनसेंगचा डबा आता कुणाच्या नजरेत भरत नाही. तुझा फोन चालला तो यामुळे. सरळ फोन कितीही भारी असला तरी तो आधीच्यासारखाच दिसतो. हा उघडून दाखवता येतो. शेजारणीपुढे उघडता आला पाहिजे, बाकी त्यात काही चालू असो की नसो.

थट्टा पुरे. तुझी जाहिरात टीव्हीवर दिवसातून दहा वेळा लागते. त्या बाईच्या ओट्यावर तुम्ही पांढरा मुळा ठेवलाय, तोही चिरलेला नाही. महिन्याभरात तिथे किमचीची परात येईल. बिजागरीचं काही केलंत का? एका ओळीत कळव.

आत्या


योंगयांग, २५ नोव्हेंबर

तेसोक,

तू ती एक ओळ लिहिली नाहीस.

काल आम्ही सगळ्यांनी मिळून समाजघराच्या अंगणात किमची घातली. चारशे कोबी. जाहिरातीत बघून आठही जणींनी आपापला फोन अर्धा दुमडून परातीशेजारी उभा केला, कारण आठही पोरं फोनवरून आईला किमची घालताना बघणार होती. वारा सुटला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत पाच फोन होते तसेच राहिले, उघडेनात की मिटेनात. उल्जिनवालीने जोर केला तर पडद्यावर काळी रेघ आली, आणि रेघेच्या वर तिच्या मुलाचं फक्त कपाळ दिसत होतं, ते आई आई करत होतं. ती फोनवर रागावली नाही. आपल्या हातून महागाची वस्तू मोडली म्हणून रडली, मुलाला सांगू नका म्हणाली. त्या पाचजणी मला विचारत होत्या, तुझ्या भाच्याने केलाय ना, आमचं काय चुकलं?

मी त्यांना काही सांगितलं नाही. मला लाज वाटली.

आत्या


सुवॉन, १ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुमच्याकडचे पाच. देशभरात दहा दिवसांत किती ते लिहीत नाही. दुरुस्ती केंद्रांपुढे बायकांच्या रांगा आहेत, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशवीत अर्धवट उघडे फोन, आणि सगळ्या केंद्रांत किमचीचा वास. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलंय, ‘खारवलेलं फुलपाखरू’.

वरून विचारणा झाली, हे कुणाला आधी कळायला हवं होतं? विभागात जो तो कागद चाळत राहिला. मेंग साहेबांनी शेवटी प्यो हारिनच्या सहीवर बोट ठेवलं. बिजागरी तिने तपासली, वाळू घातली, तिखट घातलं नाही. ११ तारखेला, सोमवारी, बैठक आहे, त्यात तिच्यावर ठपका ठेवून तिला काढतील, लिफाफा न देता. असं काढलेल्या माणसाला या धंद्यात दुसरीकडे कुणी घेत नाही. तिला दोन मुलं आहेत. ती रोज येते, जागेवर बसते आणि बाराही अभिप्रायांच्या प्रती पुन्हापुन्हा वाचते, आपल्या नजरेतून काय सुटलं ते शोधते. माझं टेबल तिच्यासमोर आहे.

आत्या, मी २७ मार्चला तुला लिहिलेलं पत्र तुझ्याकडे असेल. तू काही टाकत नाहीस. ते जाळ. तुझ्या हातचं पहिलं पत्र माझ्याकडे आहे, त्याचं मी बघतो. मी वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. पोरीच्या परीक्षेचा निकाल याच महिन्यात आहे. एकदा एवढं निभावून ने.

तुझा,
तेसोक


योंगयांग, ५ डिसेंबर

तेसोक,

जाळलं नाही. तुझं २७ मार्चचं पत्र या पाकिटात आहे. नक्कल केलेली नाही, कुणाला दाखवलेलं नाही. आता ते तुझ्या हातात आहे आणि काडीपेटी तुमच्या सुवॉनलाही मिळते.

तुझ्या साहेबाला मी ते पाठवू शकले असते. दोन दिवस पाकिटावर त्याचं नाव घालून ठेवलं होतं. मग मनात आलं, मी कोण मोठी सत्यवादी लागून गेले? त्या मे महिन्यातल्या कागदावर अक्षर माझं आहे. तू ओळ गाळलीस, मी तर अख्खा कागद खोटा लिहिला, आणि तुझ्या साहेबाला त्यातच वजन दिसलं. मी तुला वाचवायला गेले आणि त्या बाईला बुडवलं. मी आयुष्यभर लोकांच्या मिरचीत दगड असला तर तोंडावर सांगितला. एकदाच गप्प बसले, ती तुझ्यासाठी. त्याचा मला राग येतो. तुझाही येतो आणि माझा जास्त येतो.

तू वाईट माणूस नाहीस. ते खरं आहे. पण प्यो बाईच्या मुलांना त्याचा काय उपयोग?

ती तुझ्यासमोर बसून चूक शोधते म्हणतोस. चूक तुझ्या खणात आहे आणि ती तुझ्या तोंडाकडे बघत नाही म्हणून तुझं बरं चाललंय. जाळायचं असेल तर जाळ, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण मग चुसॉकला, मातृपितृदिनाला, माझ्या दारात फूल घेऊन येऊ नकोस. मला ते लावून घेता येणार नाही.

आत्या


सुवॉन, १४ डिसेंबर

आत्या,

नोकरी गेली. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. प्यो हारिन राहिली.

सोमवारी सकाळी दहा वाजता बैठक सुरू झाली. आम्ही बाराजण, मेंग साहेब, आणि टेबलाच्या टोकाला प्यो. साहेबांनी ठपक्याचा मसुदा वाचला. घरगुती वापरातील पदार्थांची कल्पना करण्यात कसूर, असे शब्द होते. प्योला विचारलं, काही म्हणायचंय का. ती म्हणाली, “कुणी एका ओळीने सांगितलं असतं तर मी मशीनमध्ये तिखट घातलं असतं. बारांपैकी एकानेही लिहिलं नाही.”

हे बोलताना तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच असं नाही, सगळ्यांकडेच पाहिलं, पण मला ते माझ्याकडे वाटलं.  मी खिशातून तुझं १९ मार्चचं पत्र काढलं, दाभण असलेलं, आणि माझं २७ मार्चचं, तू परत पाठवलेलं, आणि दोन्ही टेबलावर ठेवली. म्हटलं, एकीने लिहिलं होतं. मी खोडलं. नंतर मी तिच्याकडून खोटं लिहवून घेतलं.

साहेबांनी वाचलं.  मला वाटलं आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. तेवढ्यात गिल बाई उठल्या, बाहेर आपल्या टेबलाशी गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. मोकपोच्या सासूबाईंचं मूळ पत्र. फोन उघडला की मन उघडतं हे त्यात कुठेच नव्हतं. त्यात होतं की लोणच्याच्या बरणीपाशी ठेवला तर सांध्यात तिखट जातं, सुनबाई, जरा बघ. मग नामगुंग उठला. त्याच्या वडिलांनी लिहिलं होतं की नूडल्सवर तिखट भुरभुरतो तेव्हा फोन कुरकुरतो. मग तिसरा, मग चौथी. आत्या, बाराच्या बारा जणांनी तिखटाचं लिहिलं होतं आणि आम्ही बाराही पोरांनी ते खोडलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपलीच म्हातारी जगावेगळी. आणि खोडलेलं मूळ पत्र मात्र प्रत्येकाने जपून ठेवलं होतं, कारण आईचं पत्र कोण टाकतं?

टेबलावर बारा पत्रं. प्यो एकेक वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, आता शिक्षा बाराजणांत वाटली जाईल, कुणाच्याच वाट्याला फार येणार नाही.

मेंग साहेबांनी पेल्यात पाणी ओतलं, प्यायले, आणि अगदी मायेने म्हणाले, “मुलांनी आईच्या पत्रात काय खोडलं ही घरगुती बाब आहे. कंपनी त्यात पडणार नाही. पाच मिनिटं मी बाहेर जातो. परत आल्यावर टेबलावर जे असेल तेच मी पाहिलं असं समजेन.”

ते गेले. पहिलं मिनिट कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्यो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, तिने एकही कागद धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही. मग एका खुर्चीचा आवाज झाला. मग सगळ्यांच्या. गिल बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, पोरीचा निकाल आहे ना तुमच्या, उचला. खरं सांगतो, माझा हात पुढे गेला होता. कागदाला लागलाही होता.

अकराजणांनी आपापली म्हातारी घडी घालून खिशात टाकली. तू टेबलावरच राहिलीस, आत्या.

तेसोक